नरसाळ्याची डावी बाजू

अक्का,

तुझी शोकसभा झकास झाली. असं म्हणू नये, पण झाली. कॉलेजच्या सभागृहात खुर्च्या कमी पडल्या. तुझ्या फोटोला निशिगंधाचा एवढा जाड हार घातला होता की हनुवटीखालची तू दिसतच नव्हतीस. आणि जो बोलायला उठला त्याने तुला आणखी एक पायरी वर चढवलं. तू शांत होतीस म्हणे. मृदुभाषी होतीस. विद्यार्थ्यांवर आईसारखी माया करायचीस. अध्यक्षांनी तर बोलण्याच्या ओघात ‘डॉक्टर महानंदा’ म्हणून तुझी पीएच.डी.सुद्धा पुरी करून टाकली, जी तू हयातीत काही केली नाहीस. मी पहिल्या रांगेत तोंडाला रुमाल लावून बसले होते. लोकांना वाटलं, रडतेय.

तू मृदुभाषी होतीस हे कोण सांगत होतं ठाऊक आहे? तोच, ज्याचा प्रबंध तू दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खाली फेकला होतास. नको ते पेशंट त्याने मोजणीतून गाळले होते आणि विचारल्यावर “चालतंय की मॅडम” म्हणाला होता. प्रबंध ॲम्ब्युलन्सच्या टपावर पडला आणि ड्रायव्हर बिचारा तो घेऊन वर आला. तो विद्यार्थी आता विभागप्रमुख आहे. त्या प्रसंगाबद्दल त्याने सभेत अवाक्षर काढलं नाही.

सभा संपल्यावर तुझा धाकटा भाऊ बसू बाहेर स्कूटरपाशी उभा होता. सभेत तो दगडासारखा बसला होता. मला बघून म्हणाला, “डॉक्टर, ह्यांनी कुठली अक्का सांगितली वो? आमची न्हवं ती. आमची अक्का चिडायची की.” आणि सीटवर हात टेकून तिथंच ढसाढसा रडला.

म्हणून लिहायला बसले. शिवाय तू बजावूनच ठेवलं होतंस. अंथरुणाला खिळल्यावर एका दुपारी म्हणाली होतीस, “माझ्यामागं सगळी गोड बोलतील. डावी बाजू कोण भरणार? तू भर. न्हाईतर येऊन बसतो बघ तुझ्या ओपीडीत.” आपल्या कोल्हापूरकडच्या बायकांसारखं तू ‘येतो, जातो’च म्हणायचीस, आणि पुण्या-मुंबईचे परीक्षक दचकून बघायचे. मी तेव्हा हो म्हणाले. आता भीती एकच वाटते. गेलेल्या माणसाचं उणं काढू नये म्हणतात, आणि मी तर तुझं सगळं उणं शोधून मांडणार. मांडून झाल्यावर तू लहान झालीस तर?

डावी बाजू म्हणजे काय, हे बसूनेही विचारलं. तो वडिलांची गुळाची अडत चालवतो, संख्याशास्त्राचं त्याला सोयरसुतक नाही. त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. सांगता सांगता मलाच ते सगळं पुन्हा दिसायला लागलं.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. मी स्त्रीरोग विभागात, तू पीएसएममध्ये, म्हणजे सामाजिक वैद्यक विभागात, संख्याशास्त्राची लेक्चरर. आमच्या वॉर्डात तेव्हा एक रीत होती. दिवस भरायच्या आधीच एखादीला कळा सुरू झाल्या तर त्या इंजेक्शनने थांबवायच्या, आणि घरी जाताना तिला कित्येक आठवड्यांच्या गोळ्या लिहून द्यायच्या, कळा परत येऊ नयेत म्हणून. त्या गोळ्यांनी छाती धडधडायची, हात थरथरायचे. “बाई, जीव घाबरा हुतोय,” म्हणत बायका यायच्या आणि मी म्हणायचे, बाळासाठी एवढं सोसा. माझा त्या गोळ्यांवर पुरा विश्वास होता. मुंबईच्या वर्गमैत्रिणीकडून मी जगभरातले लेख झेरॉक्स करून टपालाने मागवले. सगळ्यांची एकत्र बेरीज करायची, परिषदेत पेपर वाचायचा आणि टाळ्या घ्यायच्या असा बेत होता. बेरजेसाठी तुझ्याकडे आले.

तू बेरीज केलीस. गोळ्या जिंकल्या. मी पेढे आणायला उठले तर म्हणालीस, “बस की गं. गडबड काय हाय?” आणि आलेखाचा कागद काढलास. एकेका अभ्यासाचा एकेक ठिपका. शून्याची उभी रेघ म्हणजे गोळीने काहीच फरक न पडण्याची जागा. फायदा जितका जास्त तितका ठिपका उजवीकडे, तोटा असेल तर डावीकडे. अभ्यासात बायका जास्त असतील तर ठिपका वर, कमी असतील तर खाली.

“मोठ्या अभ्यासांचं एकमेकांशी जमतं, ते वर जवळजवळ बसत्यात,” तू म्हणालीस. “बारके खाली पांगत्यात, दोन्ही अंगांना. पालथं घातलेलं नरसाळं दिसाय पाहिजे.”

मग पेन्सिलीने नरसाळ्याची कड काढलीस आणि खालच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलंस. तिथं काहीच नव्हतं.

“हितली कुठं गेली?”

“नसतील,” मी म्हणाले.

“असतील. त्यांचं जमलं न्हाई, म्हणून कुणी छापलं न्हाई.”

ही नजर तुला पुस्तकांच्याही आधी गूळ बाजाराने दिली होती. तुझे वडील गडहिंग्लजकडून येऊन कोल्हापुरात अडते झाले, घरात अर्धं कानडी, अर्धं मराठी. सौद्याला तू त्यांचं बोट धरून जायचीस. गुळाच्या भल्यामोठ्या ढेपा, ज्यांना बाजारात रवे म्हणतात, ओळीने मांडलेल्या असायच्या. पिवळेधमक रवे पुढे, काळपट मागे. “पुढली रांग बघून भाव बोलतं ते गिऱ्हाईक, मागली बघून बोलतो तो व्यापारी,” असं तुझे वडील म्हणायचे. छापलेले लेख म्हणजे पुढली रांग, हे तू मला त्या दिवशी सांगितलंस. मी रागावून कागद गोळा केले. परिषदेत पेपर मात्र वाचला नाही.

बेरजेचं उत्तर तू कधी एका आकड्यात सांगितलं नाहीस. आडवी रेघ ओढायचीस. खरं उत्तर या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठंही असू शकतं. ती रेघ शून्याला शिवली तर औषधाचा उपयोग सिद्ध झाला असं म्हणता येत नाही. “शिवली का न्हाई?” असं तू विचारायचीस, शिवाशिवी खेळणाऱ्या पोरीसारखं. पीएसएमच्या शिपायालाही तो प्रश्न पाठ झाला होता.

काही वर्षांनी, राजारामपुरीतल्या सायबर कॅफेत ताटकळत बसून तू एक नवी रीत शोधून आणलीस. त्या वेळी तुझा चेहरा बघण्यासारखा होता. उजवीकडचे खालचे जे ठिपके बिनजोडीचे, ते तात्पुरते छाटायचे. उरलेल्यांचा मध्य काढायचा. मग छाटलेले परत जागेवर ठेवायचे आणि प्रत्येकाचा जोडीदार आरशात दिसावा तसा डावीकडे भरायचा. मग पुन्हा बेरीज. छापलेले ठिपके तू शाईने काढलेस, भरलेले पेन्सिलीने, आतून पोकळ. माझ्या गोळ्यांची आडवी रेघ डावीकडे सरकली आणि शून्याला शिवली.

मी दुसऱ्या दिवसापासून गोळ्या लिहायच्या बंद केल्या. वाटलं, तू खूश होशील.

कळंब्याच्या तलावावर सकाळी फिरताना तुला हे सांगितलं आणि तू रस्त्यातच उभी राहिलीस. “शालन, त्या पोकळ ठिपक्यांत एक तरी बाई हाय काय? एक तरी पोटुशी? मी अंदाज बांधला आणि तू औषध बंद केलंस?”

“आणि ज्या छापलेल्यांवर विसंबून देत होते त्याचं काय? ती तर नुसती पुढली रांग! माझ्यासमोर बाई आज बसलेली असते अक्का. तुझे ठिपके सापडेपर्यंत ती थांबत नाही.”

“अंदाज म्हंजे पुरावा न्हवं! संशय हाय, संशय! संशयावर फाशी देत न्हाईत कुणाला!” एवढं ओरडून तू हात केलास तो नेमका तिथल्या कळंबा कारागृहाच्या दिशेने. फिरायला आलेली माणसं थबकून आपल्याकडे बघायला लागली. एका आजोबांनी तर विचारलं, “पावणं, काय झालं? कोण सुटलं का आतनं?”

त्यावर आपण दोघी हसलो असतो तर बरं झालं असतं. नाही हसलो. पावसाळाभर बोललो नाही. रागाला तू पक्की होतीस, एकदा धरलास की सोडायची नाहीस. हे डावीकडे मांडते. मीही गोळ्या पुन्हा सुरू केल्या नाहीत, तेही सांगून ठेवते.

पाऊस उघडला आणि तू माझ्या ओपीडीच्या दारात उभी राहिलीस. खांद्याला झोळी, हातात गुळाची पुडी. “चल,” म्हणालीस, “पोकळ ठिपके शोधाय जाऊ.”

कुठं शोधायचे ते तुला बरोबर माहीत होतं. एम.डी.च्या प्रत्येक मुलाला प्रबंध लिहावाच लागतो. परीक्षा संपली की काळ्या कापडात बांधलेला, सोनेरी अक्षरांचा तो ग्रंथ कपाटात जातो तो जातोच. तिथं जमलेलं आणि न जमलेलं शेजारी शेजारी धूळ खात पडतं. सुट्टी मिळेल तशा आपण माझ्या मारुतीतून निघायचो. मिरज, सोलापूर, बेळगाव, हुबळी. गाडी तूच चालवायचा हट्ट धरायचीस, आणि निपाणीच्या अलीकडे उसाच्या उभ्या ट्रॉलीला घासलीस. चूक ट्रॉलीची असं शेवटपर्यंत म्हणत राहिलीस. हेही डावीकडे, आणि चांगलं ठळक.

मी विचारायचे, “सर, काही अप्रकाशित अभ्यास आहेत का?” की समोरचा आखडलाच. तू गुळाचा खडा पुढे करायचीस. “सर, न जमलेलं काय हाय का तुमच्याकडं? आमच्याकडं तर ढीग हाय.” मग तो गूळ तोंडात टाकायचा, हसायचा आणि किल्ली काढायचा. बेळगावचा तो खडूस ग्रंथपाल तुझं कानडी ऐकून असा पाघळला की त्याने आपल्याला स्वतःच्या डब्यातलं जेवू घातलं. मी वाड्याबिड्यांत वाढलेली नाही, कसबा बावड्यातली शेतकऱ्याची पोर, मलाही माणसं बोलती करता येतात असं वाटायचं. तुझ्यासमोर मी नवशिकी होते.

प्रबंध सापडत गेले. गोळ्यांचा काही उपयोग झाला नाही, असं सांगणारे, छोटे छोटे, मन लावून केलेले. एकेक सापडला की तू पेन्सिलीचा ठिपका पुसून शेजारी शाईचा ठिपका द्यायचीस. अगदी त्याच जागी एकही पडला नाही, पण सगळे त्याच कोपऱ्यात. तू नाचायची तेवढी बाकी होतीस. हात न लावता, नुसत्या पुढल्या रांगेवरून तू मागली रांग ओळखली होतीस. तेव्हा मला तुझा जो अभिमान वाटला तो मी कधी बोलून दाखवला नाही. आज बोलते. आपल्या गावात, त्या धूळभरल्या खोलीत, माझ्या ओळखीची एक बाई न दिसणाऱ्या गोष्टींचा पत्ता सांगत होती.

आणि मग हुबळीला तो एक प्रबंध निघाला. फार व्यवस्थित केलेला, नोंदी चोख, आणि त्यात गोळ्यांचा फायदा दिसत होता. उजवीकडचा ठिपका! छापला का नव्हता? तिथल्या मॅडमनी सांगितलं, लिहिणाऱ्या मुलीचं परीक्षा होताच लग्न झालं, ती परदेशी गेली, राहून गेलं. तू प्रबंध मिटलास आणि झोळी खांद्याला लावलीस. परतीच्या वाटेवर गाडी मला चालवायला दिलीस, यावरूनच मी काय ते समजले.

तवंदी घाट उतरताना बोललीस. “आपुन धरूनच चाललो की जे दडलं ते पडलंच असणार. तिचं पडलं नव्हतं गं. तिला कुणी ‘छाप’ म्हणालंच न्हाई.”

तुझी चूक होती ती. तुझ्या रीतीतच होती. डाव्या कोपऱ्यात पडलेल्यांसाठी तू जागा ठेवली होतीस, पण बायकोपणात, सासरात, बदलीत हरवलेल्यांसाठी कुठलंच सूत्र तुझ्याजवळ नव्हतं. दोन दिवस तू कॉलेजला आली नाहीस. तिसऱ्या दिवशी आलीस ती खोडरबर घेऊन. उरलेसुरले सगळे पोकळ ठिपके पुसून टाकलेस, त्या मुलीचा ठिपका उजवीकडे शाईने दिलास, आणि फक्त शाईची बेरीज केलीस. मग पट्टी लावून सावकाश रेघ ओढलीस.

शिवली. जेमतेम, पण शिवली.

पेपरच्या पहिल्याच परिच्छेदात तू लिहिलंस की आमचा अंदाज अमुक ठिकाणी चुकला. असं कोण लिहितं, अक्का? न छापलेल्यांवरचा तो पेपर कुणी छापेना. संपादक म्हणायचे, यात नवीन काय निघालं? शेवटी आमच्या डॉक्टरांच्या संघटनेच्या पत्रिकेत तो आला, शेवटून दुसऱ्या पानावर, टॉनिकच्या जाहिरातीला खेटून. मी तो वॉर्डाच्या ऑफिसात भिंतीवर चिकटवला. पिवळा पडलाय, पण आहे. शेजारच्या दवाखान्यांतले डॉक्टर येता-जाता वाचायचे, आणि हळूहळू त्यांच्याही चिठ्ठ्यांमधून त्या गोळ्या गेल्या. किती बायका विनाकारण धडधडायच्या वाचल्या, हे कुणी मोजलं नाही. वॉर्डात दुपारी त्या शांत झोपलेल्या असतात, तेव्हा मला तू आठवतेस.

तीच गोष्ट तुझ्या पीएच.डी.ची. शेवटच्या प्रकरणात तू स्वतःचं सूत्र कुठं फसतं ते लिहिलंस. गाइड म्हणाले, हे काढा, मग सही करतो. तू म्हणालीस, मग ऱ्हाऊ दे. अध्यक्षमहाराज, ती डॉक्टर नव्हती ती यासाठी.

पुढे तू ती सभा सुरू केलीस. सगळे तिला पडलेल्यांची सभा म्हणायचे. वर्षातून एकदा, पीएसएमच्या हॉलमध्ये, ज्याचं जे जमलं नाही ते त्याने उभं राहून सांगायचं. सांगून झालं की तू स्वतः त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचीस. पहिल्या वर्षी आपण दोघीच बोललो आणि शिपायाने टाळ्या वाजवल्या. पुढे पुढे मिरजेहून लोक येऊ लागले. ज्याचा प्रबंध तू खिडकीतून टाकलास तोही एकदा उभा राहिला आणि त्याने गाळलेले सगळे पेशंट परत घालून नवा आकडा वाचून दाखवला. तू त्याला खडा दिलास, आणि मोठा दिलास. माफी मात्र मागितली नाहीस. मागायला हवी होती.

कळंब्यावरचं आपलं भांडण तसंच राहिलं. शेवटी गोळ्या निरुपयोगीच निघाल्या, म्हणजे मी बरोबर होते, असं मी अधूनमधून टोचायचे. “नेम लागला म्हणून कुणी नेमबाज होत न्हाई,” तुझं ठरलेलं उत्तर.

मग तुझं दुखणं आलं. बसू मुंबईला जाऊन एक नवं औषध घेऊन आला, डोळ्यांत केवढी आशा. मी तुला त्यावरचे लेख वाचून दाखवले. तू डोळे मिटून ऐकलंस आणि विचारलंस, “मागली रांग कुठाय?” नव्हती. मला वाटलं, आता नको म्हणशील. तू हात पुढे केलास आणि गोळी घेतलीस.

“पुरावा कुठाय, अक्का?” मी चिडवलं. रडू येऊ नये म्हणून चिडवलं.

“बसूनं आणलंय गं,” तू म्हणालीस. “त्याच्यासमोर बसलेली बाई मी हाय. आज.”

“म्हणजे मी जिंकले?”

“न्हाई. पण तुझं म्हणणं छापाय हरकत न्हाई.”

औषधाचा उपयोग झाला नाही. ही गोष्ट कुठल्या बाजूला मांडू, ते मला अजून कळलेलं नाही. बहुतेक ती कागदावर मावणार नाही.

काल हे सगळं बसूला वाचून दाखवलं. खिडकीतला प्रबंध, उसाची ट्रॉली, अबोला, चुकलेला अंदाज, परत आलेला पेपर, न झालेली पीएच.डी., न मागितलेली माफी. मध्येच तो हसला, मध्येच त्याने डोळे पुसले, आणि शेवटी म्हणाला, “ही हाय बघा आमची अक्का.” यंदाच्या पडलेल्यांच्या सभेत मी हेच वाचणार आहे. खडा देणार आहे तो बसू, त्याच्या अडतीतल्या मागल्या रांगेतल्या रव्याचा.

पेन्सिल मी हातात घेतली नाही. तुझी डावी बाजू मला अंदाजाने भरावी लागली नाही, ती मी डोळ्यांनी बघितली आहे, म्हणून सगळी शाईने मांडली. भरून झाल्यावर मध्य सरकला, सरकायलाच पाहिजे होता. हाराआडच्या त्या मृदुभाषी डॉक्टर महानंदाबाई गेल्या आणि तू उरलीस.

तुझी रेघ शिवली का न्हाई, हे तू विचारणारच, म्हणून आत्ताच सांगते. न्हाई शिवली, अक्का. शून्याच्या आसपाससुद्धा न्हाई.